माणसे जोडणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



किर्लोस्कर हे नाव आपल्या बेळगावकरांना नवे नाही. शहरात किर्लोस्कर रोड आहे, शेतावर जा, तेथेही पाण्याच्या पंपावर हेच नाव दिसते. पण ज्यांनी हा उद्योग उभा केला ते लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यातले, आणि त्यांचा पहिला धंदाही याच गावातला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना चित्रकलेची आवड होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न मागे पडले. रडत न बसता त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. याच काळात, १८८८ साली, त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले.

मुंबईच्या नोकरीत मात्र एक प्रसंग असा घडला की त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. काम चोख करूनही जेथे त्याची कदर होत नाही, तेथे माणसाचे मन कसे उडते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

बेळगावात ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षे लागली. धंदा जरा रुळतो तोच नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा मिळाली.

ही जागा म्हणजे निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला उजाड माळ. १९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले. त्यांच्याबरोबर २५ कामगार आणि त्यांची कुटुंबेही आली. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बायकामुलांसह माळावर राहायला जायचे, तर मालकावर केवढा विश्वास असला पाहिजे! आणि लक्ष्मणरावांनाही तो विश्वास राखणे भागच होते. शहरात एखादा कारागीर सोडून गेला तर दुसरा मिळतो. माळावर तो कोठून आणायचा? तेथे माणसे टिकली तरच कारखाना टिकणार होता.

त्यांनी माणसे टिकवली, वाढवलीही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक घातला. त्या काळी हे सारे सोपे नव्हते. कामगारांसाठी घरे झाली, मुलांसाठी शाळा झाली आणि माळाची किर्लोस्करवाडी झाली. पुढे स्टेशनचे नावही तेच पडले.

आता काही पालक विचारतील, की चांगल्या वागणुकीने कारखाना चालतो का? नुसत्या वागणुकीने चालत नाही, हे खरे. शेतकऱ्याला उपयोगी पडणारा माल, वेळेवर मिळालेले भांडवल, जवळच असलेली रेल्वे, या सर्वांचा त्या यशात वाटा आहे. पण नांगराच्या ओतकामात दोष राहिला, तर तो सर्वांत आधी ओतणाऱ्या कामगाराला दिसतो. मालकाची धास्ती असेल तर तो दोष झाकतो आणि नांगर शेतात मोडतो. कारखाना आपला वाटत असेल तर तो स्वतःहून सांगतो आणि नांगर पुन्हा ओतला जातो. आधीच लोखंडाला बिचकणाऱ्या शेतकऱ्यापुढे मोडका नांगर जाऊन कसे चालले असते?

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही निघाले. नांगरापाठोपाठ पंप आले, लेथ आले. चिरंजीव शंतनुराव यांनी तो व्याप पुढे कितीतरी वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मित्रांनो, शाळा हीदेखील एक कामाची जागाच आहे. येथे शिक्षक आहेत, लेखनिक आहेत, घंटा देणारे शिपाईमामा आहेत, वर्ग झाडणाऱ्या मावशी आहेत. दहावीचा निकाल लागला की आम्ही गुणवंतांची नावे फळ्यावर लिहितो, पण त्या निकालामागे या सर्वांचे हात असतात. त्यांचे म्हणणे आपण ऐकतो का? चांगल्या कामाची कदर करतो का? हा प्रश्न विद्यार्थ्यांइतकाच पालकांना, संस्थाचालकांना आणि आम्हां शिक्षकांनाही आहे. बढतीत डावलला गेलेला एक शिक्षक पुढे इतरांना कधी डावलत बसला नाही, म्हणून माळावर गाव वसले. किर्लोस्कर रोडवरून जाताना एवढे जरूर आठवावे.