कर्मवीर भाऊराव पाटील आणि हायस्कुलांतील गरीब विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शहरांतून दोन दिवस पेढ्यांची गर्दी उडते, आणि तिसऱ्या दिवशीं नापासांविषयीं कुरकुर सुरू होते. मुलें आळशी झालीं, पूर्वींची मेहनत राहिली नाहीं, असे उद्गार दुकानाच्या गादीवरून आणि कचेरीच्या टेबलावरून सारखेच ऐकूं येतात. विद्यार्थ्यानें काय केलें पाहिजे याची यादी प्रत्येकापाशीं तयार असते. त्यानें तें करावें म्हणून त्यास काय दिलें पाहिजे, ही दुसरी यादी मात्र कोणी काढीत नाहीं. या दोन्ही याद्या एकाच वहींत, एकीसमोर एक मांडणारा एक पुरुष महाराष्ट्रांत होऊन गेला. जमाखर्च जाणणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचें चरित्र विशेष रुचेल, म्हणून तें आज येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापूर संस्थानांतील कुंभोज येथें एका जैन घराण्यांत झाला. वडील महसूल खात्यांत नोकरीस. त्यामुळें मुलाचें प्राथमिक शिक्षण फिरतीवर झालें, आणि पुढें इंग्रजी शिकण्यासाठीं तो कोल्हापुरास आला. नांव राजाराम हायस्कुलांत, राहणें-जेवणें जैन बोर्डिंगांत. अंगानें दांडगा, कुस्तीचा शौकीन, अन्याय दिसला कीं गप्प न बसणारा असा हा मुलगा पुस्तकांत मात्र रमला नाहीं. इंग्रजी सहावीच्या पुढें त्याची मजल गेली नाहीं, आणि मॅट्रिकची पायरी त्यानें कधींच ओलांडली नाहीं. आजच्या निकालपत्रकाच्या हिशेबानें पाहिलें तर ही वाया गेलेली केस होय.

पण बोर्डिंगांतील एका प्रसंगानें त्यास जो धडा दिला, तो कोणत्याही परीक्षेस नेमलेला नव्हता. १९०८ सालीं कोल्हापुरांत अस्पृश्य गणलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क यांच्या नांवें वसतिगृह निघालें. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परत येऊन जेवावयास बसूं लागले, तेव्हां स्नान करून मगच पंक्तीस बसावें असा हुकूम झाला. त्यांनीं तो मानला नाहीं. परिणामीं बोर्डिंग सुटलें. हायस्कुलांतल्या परगांवच्या मुलास ताट आणि खोली गेली म्हणजे शाळाही गेल्यासारखीच. शाहू महाराजांनीं या मुलास वाड्यांत आसरा दिला, म्हणून ती वेळ टळली.

येथें शाहू महाराजांच्या वसतिगृहांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. खेड्यांतून आलेल्या बहुजन मुलास कोल्हापुरांत राहण्यास जागा मिळत नाहीं, हें ओळखून त्यांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविलें. त्याच वर्षीं जैनांचें, १९०६ सालीं मुसलमानांचें, आणि मागोमाग लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत अशा एकेका समाजाचें वसतिगृह उभें राहिलें. प्रत्येक जातीची चूल निराळी, या कारणावरून कोणी त्यास नांवें ठेवितात. आमच्या मतें तें न्यायाचें नाहीं. त्या काळीं लोक आपल्याच जातीच्या मुलासाठीं थैलीचें तोंड सोडीत. महाराजांनीं ती वृत्ति जशी होती तशी कामास लाविली, आणि शेंकडों मुलांची सोय केली. भाऊरावांनीं या व्यवस्थेचा लाभ पाहिला होता आणि तिची बोच स्वतः सोसली होती. पुढें त्यांनीं वसतिगृहाची कल्पना तेथूनच घेतली, पण चूल मात्र एकच ठेविली.

शाळा सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास शिकवण्या करूं लागले व लोक त्यांस पाटील मास्तर म्हणूं लागले. १९१४ सालीं कोल्हापुरांतील डांबर प्रकरणांत त्यांस पकडण्यांत आलें. आपल्या गुरुस्थानीं असलेल्या लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला, परंतु त्यांनीं ती दिली नाहीं. नंतर ते व्यापारांत शिरले. ओगल्यांचें काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर घेऊन ते गांवोगांव हिंडले, आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणींतही त्यांचा हात होता. वाचकांनीं या गोष्टीकडे लक्ष द्यावें. लोखंडी नांगर विकावयास गेलेल्या माणसास शेतकऱ्याच्या घरांत काय आहे आणि काय नाहीं, हें कोणत्याही सरकारी अहवालापेक्षां अधिक नेमकें कळतें. नांगर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतला हुशार मुलगा तालुक्याच्या हायस्कुलांत कसा पोंचणार, हा प्रश्न त्यांस त्या फिरतींतच पडला असावा असें आम्हांस वाटतें.

४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें, आणि तेथें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह सुरू झालें. आरंभीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सारे एका पंक्तीस. १९२७ सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले असतां त्यांच्याच हस्तें या वसतिगृहाचें छत्रपति शाहू बोर्डिंग असें नामकरण झालें.

या बोर्डिंगाचा नियम कडक होता. स्वयंपाक, दळण, पाणी, झाडलोट, सर्व मुलांनींच करावयाचें. शेतांत खपावयाचें, खडी फोडावयाची, आणि मग पुस्तक उघडावयाचें. आचारी नाहीं, गडी नाहीं. जातीचा विटाळ मानणाऱ्यास जागा नाहीं. आपल्या दाराशीं येणाऱ्या मुलाकडून भाऊरावांनीं मागितलें तें थोडेंथोडकें नव्हतें. कित्येक सुखवस्तु आईबापांस तर तें क्रूरपणाचें वाटलें असतें. पण दुसरी बाजू पहा. राहण्याचें भाडें नाहीं. जेवणाची चिंता त्या मुलाची नव्हे, भाऊरावांची. गांवोगांवच्या दारांतून मूठ-मूठ धान्य गोळा करून ते कोठार भरीत, आणि तेंही अपुरें पडे तेव्हां घरांत हात घालीत. पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने या मुलांच्या पोटासाठीं एकेक करून दिले, आणि एके वेळीं कोठारांत दाणा उरला नाहीं तेव्हां मंगळसूत्रही काढून दिलें. जैन रीतीच्या सोवळ्या घरांत वाढलेल्या या बाईनें सगळ्या जातींच्या मुलांस पोटच्या मुलांप्रमाणें वागविलें. १९३० सालीं त्या वारल्या. भाऊरावांची कीर्ति सर्वत्र गाइली जाते. तिच्यांतील अर्धा हिस्सा या बाईंच्या खात्यावर मांडावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९३५ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं अध्यापन विद्यालय निघालें आणि खेड्यापाड्यांतून प्राथमिक शाळा उघडल्या. तथापि चौथी झालेल्या शेतकऱ्याच्या मुलानें पुढें काय करावें, ही गांठ सुटली नव्हती. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडून ती त्यांनीं सोडविली. मुलानें तेथेंच राहावें, श्रम करून आपली भाकरी मिळवावी, आणि फी न देतां मॅट्रिकपर्यंत शिकावें, अशी ही योजना. कमवा आणि शिका हें नांव आज सर्वतोमुखीं झालें आहे. त्याची हायस्कुलांतील खरी कसोटी येथें लागली.

आम्हांस येथें एक शंका येते आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. दिवसा कुदळ चालविलेल्या पंधरा वर्षांच्या मुलानें रात्रीं दिव्यापाशीं बीजगणित सोडवावें ही अपेक्षा सर्वांच्याच अंगीं कशी लागेल? सुखवस्तु घरचा मुलगा त्याच वेळीं शिकवणीस बसलेला असतो. श्रमाची थोरवी गाणारे बहुधा स्वतः न श्रमणारे असतात. म्हणून भाऊरावांच्या योजनेंतले श्रम तेवढे उचलून त्यांचें अन्न, छप्पर आणि माया गाळणारी नक्कल जेथें जेथें होते, तेथें ती गरिबाची फसवणूक होय. मूळच्या योजनेंत मात्र शिक्षक मुलांबरोबर राहत, आणि आजाऱ्याच्या उशाशीं स्वतः भाऊराव बसत. मुलींची गोष्ट निराळी. आरंभींचीं हीं बोर्डिंगें मुलांचीं होतीं, आणि शेतकऱ्याच्या मुलीस हायस्कुलाचें दार उघडण्यास पुढें फार काळ लागला.

१९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. या कॉलेजाचें नांव बदलून आपलें नांव द्यावें, मोठी रक्कम देतों, असें एका धनिकानें सुचविलें, व भाऊरावांनीं तें साफ नाकारलें, अशी आठवण सांगतात. १९४८ सालीं गांधीजींचा खून झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलें काढण्याचा संकल्प या मॅट्रिकही न झालेल्या गृहस्थानें सोडला. मध्यंतरीं सरकारची त्यांच्यावर मर्जी फिरली आणि संस्थेचें अनुदान थांबलें. तेव्हां संत गाडगे महाराजांनीं मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांजकडे शब्द टाकला आणि तें पुन्हा सुरू झालें. ज्यास अक्षरओळख नव्हती अशा कीर्तनकारानें हायस्कुलांसाठीं रदबदली करावी, यांत आम्हांस त्या काळाचें सारें चित्र दिसतें. भाऊरावांनींही ती आठवण ठेविली. १९५४ सालीं कऱ्हाडास उघडलेल्या कॉलेजास त्यांनीं गाडगे महाराजांचें नांव दिलें. १९५९ सालीं सरकारनें पद्मभूषण आणि पुणें विद्यापीठानें डी. लिट्. ही पदवी त्यांस दिली. त्याच वर्षीं ९ मे रोजीं त्यांचा देहान्त झाला.

आतां आजचें पाहूं. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण मोफत आणि सक्तीचें झालें, म्हणजे आठवीपर्यंतची हमी सरकारनें घेतली. नववीची पायरी त्या हमीच्या बाहेर राहिली, आणि घरांतला हात मजुरीस ओढला जातो तो नेमका याच वयांत. वाडीवरचा मुलगा नववीसाठीं बाजारपेठेच्या गांवीं येतो तेव्हां त्यास प्रथम लागते ती उतरावयास जागा. मग दोन वेळचें जेवण, अभ्यासास उजेड, आणि गणित अडलें तर विचारावयास एक वडील माणूस. या चार गोष्टींपैकीं एकही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंच्या आवांक्याबाहेरची नाहीं. कितीक दुकानांवरचे माळे रिकाम्या पोत्यांनीं अडले आहेत. त्यांपैकीं एक झाडून घ्यावा, दिवा जोडावा, आणि जवळच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांस चिठ्ठी पाठवावी कीं दोन मुलांची येथें सोय होईल. चिठ्ठींत मुलांची जात विचारूं नये.