कर्नल साइक्स

विल्यम साइक्स यांचा जन्म १७९० साली झाला. ते कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. १८२४ साली त्यांच्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम आले. गावोगाव हिंडून ते पिके, पाऊस, पशुपक्षी यांची टिपणे ठेवीत. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखही त्यांनी उतरून घेतले.

अशा काळोख्या लेण्यांत वटवाघळे राहतात. १८३१ साली साइक्स यांनी वटवाघळाच्या एका जातीस दख्खनचे नाव दिले. परंतु गडद अंधारात हा प्राणी भिंतीवर आदळत कसा नाही, हे कोडे त्या काळी सुटले नव्हते. १८७२ साली साइक्स निवर्तले. पुढे १९३८ साली अमेरिकेत त्याचा उलगडा झाला. वटवाघूळ आपणांस ऐकू न येणारा ध्वनी काढते आणि परतून आलेल्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. अंधारात त्याचे कानच डोळ्यांचे काम करतात!