लॉग टेबलमागचा माणूस : जॉन नेपियर

बारावी बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मुळशीतल्या रिहे गावचा मुलगा असो की मुंबईचा, सगळ्यांना तेच कोष्टक. ते ज्यांच्या मेहनतीतून आलं, ते जॉन नेपियर मात्र आमच्या मुलांना ठाऊक नसतात.

जन्म १५५० चा, स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या मर्चिस्टन किल्ल्यात. घराणं जमीनदार. तेराव्या वर्षी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेले. गणित हा त्यांचा पेशा नव्हता. जमिनीचा कारभार, धर्मावरचं लेखन, आणि उरलेल्या वेळात आकडे. त्या काळी ग्रहांचं गणित करणाऱ्यांची वर्षंच्या वर्षं लांबलचक गुणाकारांत जायची. नेपियर यांनी सुमारे २० वर्षं खपून गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून टाकली. पुस्तक निघालं १६१४ साली, वयाच्या चौसष्टीत.

लॉगॅरिदम हा शब्दही त्यांचाच, दोन ग्रीक शब्दांतून घडवलेला. अल्गोरिदमशी तो जुळतो म्हणून काहीजण लॉगही अल-ख्वारिझ्मींच्या नावावर टाकतात. ते बरोबर नाही. अल्गोरिदम हा शब्द त्यांच्या नावावरून आला, तेवढा मान पुरेसा मोठा आहे.

१६१५ मध्ये लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज खास भेटायला आले, महिनाभर राहिले. १ चा लॉग ० आणि १० चा लॉग १ धरायचा, असं दोघांत ठरलं. हाच आपला कॉमन लॉग: १०० चा २, १००० चा ३. २ चा ०.३०१० आणि ३ चा ०.४७७१ मिळवा, ०.७७८१ येतात, अँटिलॉग पाहा, ६. पण नेपियर यांची तब्येत खचली होती. नवी कोष्टकं ब्रिग्ज यांनी अंगावर घेतली. एप्रिल १६१७ मध्ये नेपियर वारले; त्याच वर्षी ब्रिग्ज यांनी १ ते १००० चे लॉग १४ दशांश स्थळांपर्यंत छापले.

नॅचरल लॉगचा पाया मात्र १० नसून e, म्हणजे सुमारे २.७१८. त्याला नेपियर यांचं नाव देतात, पण त्यांची मूळ कोष्टकं नेमकी तशी नव्हती. E ला पक्की जागा ऑयलर यांनी अठराव्या शतकात दिली. केमिस्ट्रीतला २.३०३ पोरं नुसता पाठ करतात. तो १० चा नॅचरल लॉग. कॉमन लॉगला त्याने गुणलं की नॅचरल मिळतो: ०.३०१० गुणिले २.३०३, म्हणजे ०.६९३. हाफ लाइफच्या सूत्रात दिसतो तो हाच आकडा.