मुक्या दगडांना वाचा

आफ्रिका खंडाच्या ईशान्य कोपऱ्यात इजिप्त नावाचा देश आहे. उर्दूत आपण त्याला मिस्र म्हणतो. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तेथे नाईल नदीच्या काठी एक मोठी संस्कृती उदयास आली. तेथील लोकांनी प्रचंड पिरॅमिड उभारले, भव्य देवळे बांधली आणि मृत माणसांची शरीरे मसाले लावून जतन करून ठेवली. देवळांच्या भिंती, खांब, थडगी आणि शवपेट्या यांवर त्यांनी असंख्य चित्रे कोरली. घुबड, सिंह, साप, डोळा, हात, पाण्याच्या लाटा अशी ती चित्रे होती. ती नुसती नक्षी नव्हती. ती त्यांची लिपी होती.

पुढे काळ बदलला. देशावर ग्रीकांचे आणि मग रोमन लोकांचे राज्य आले. जुना धर्म मागे पडला. देवळांतील पुजारी गेले आणि त्यांच्याबरोबर लिपीचे ज्ञानही गेले. या चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४ मधला आहे. तो फिली बेटावरील देवळात कोरलेला होता. त्यानंतर ही लिपी वाचणारा कोणी उरला नाही. अरब विद्वानांनी आणि युरोपातील पंडितांनी प्रयत्न केले, पण कोडे सुटले नाही. फिरऔन राजांचे पुतळे डोळ्यांसमोर उभे होते, पण त्यावर कोरलेले नाव वाचता येत नव्हते. सुमारे चौदाशे वर्षे हे दगड मुके राहिले. त्यांना बोलते करणाऱ्या माणसाचे नाव होते झाँ फ्रान्स्वा शांपोल्याँ.

शांपोल्याँचा जन्म २३ डिसेंबर १७९० रोजी फ्रान्समधील फिझाक या लहान गावात झाला. वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. घरात हा सर्वांत धाकटा. त्याचा थोरला भाऊ झाक जोझेफ त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. तो स्वतः विद्याव्यासंगी होता. धाकट्याची हुशारी त्याने ओळखली आणि त्याच्या शिक्षणाचा भार आपल्या अंगावर घेतला. १८०१ साली त्याने धाकट्याला ग्रनोबल शहरी आपल्याजवळ आणले.

शाळेत शांपोल्याँला गणित मुळीच आवडत नसे, पण भाषांचे त्याला विलक्षण वेड होते. लॅटिन आणि ग्रीक झाल्यावर तो हिब्रू, अरबी आणि सिरियाक शिकू लागला. त्याच काळात फूरिए नावाचे थोर गणितज्ञ ग्रनोबल येथे मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. ते नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला जाऊन आले होते. त्यांच्याकडील प्राचीन वस्तू पाहून ही लिपी आपण वाचायचीच, असा निश्चय या मुलाने केला, असे सांगतात.

या मोहिमेतच एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. जुलै १७९९ मध्ये फ्रेंच सैनिक रशीद गावाजवळच्या किल्ल्याची डागडुजी करत होते. तेथे त्यांना एक मोठी काळसर शिळा सापडली. रशीदला युरोपातील लोक रोझेटा म्हणत, म्हणून ती रोझेटा शिळा या नावाने प्रसिद्ध झाली. फ्रेंचांचा पराभव झाल्यावर ती इंग्रजांच्या हाती गेली आणि १८०२ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला आहे. वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक नावाची रोजच्या व्यवहाराची लिपी आणि खाली ग्रीक. ग्रीक मजकूर विद्वानांना वाचता येत होता. तो इ. स. पूर्व १९६ मधील पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा होता. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच दगडावर होती. पण किल्ली फिरवायची कशी, हे कोणालाच उमगत नव्हते.

सोळाव्या वर्षी शांपोल्याँने ग्रनोबलच्या विद्वानांसमोर प्राचीन इजिप्तच्या भूगोलावर निबंध वाचला. लगेच तो पुढील शिक्षणासाठी पॅरिसला गेला. तेथे त्याचे दिवस हलाखीचे होते. अंगावरचे कपडे विरले होते. खोलीभाडे आणि पुस्तके यांसाठी भाऊ पैसे पाठवी, पण ते पुरत नसत. तरीही त्याचा अभ्यास थांबला नाही. पॅरिसमध्येच तो एका इजिप्शियन पाद्र्याकडून कॉप्टिक भाषेत तरबेज झाला.

कॉप्टिक ही कोणती भाषा? इजिप्तमधील जुन्या ख्रिस्ती लोकांना उर्दूत किब्ती म्हणतात. त्यांच्या प्रार्थनेची ही भाषा. इजिप्तमध्ये बोलण्याची भाषा अरबी झाली होती. कॉप्टिक केवळ चर्चमध्ये आणि जुन्या हस्तलिखितांत उरली होती. ती लिहिली जाई ग्रीक अक्षरांत आणि आणखी काही चिन्हांत. परंतु शांपोल्याँची खात्री होती की, ही फिरऔनांच्या काळच्या भाषेचीच लेक आहे. तो कॉप्टिकमध्ये विचार करू लागला, रोजनिशीसुद्धा कधीकधी तिच्यात लिहू लागला. बाजारात कोणी बोलत नसलेली ही भाषा त्याने जिवापाड जपली.

अठराव्या वर्षी तो ग्रनोबलला इतिहासाचा अध्यापक झाला. पण संकटे संपली नाहीत. दोघे भाऊ नेपोलियनचे समर्थक होते. १८१५ मध्ये नेपोलियनची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी दोघांना फिझाक येथे हद्दपार करण्यात आले. तेथून परतल्यावरही त्याची नोकरी टिकली नाही. १८२१ साली प्रकृती ढासळलेली, हातात काम नाही, अशा स्थितीत तो पॅरिसला भावाच्या घरी आला.

आता खरी परीक्षा होती. प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ कल्पना, त्याचा उच्चाराशी संबंध नाही, असा विद्वानांचा जुना समज होता. स्वतः शांपोल्याँने १८२१ मध्ये तसेच छापले होते. पण त्याने रोझेटा शिळेवरील चिन्हे मोजली. ग्रीक मजकुरात ४८६ शब्द होते, तर फुटून अर्धवट उरलेल्या चित्रलिपीत १४१९ चिन्हे. एका कल्पनेला एक चित्र असते, तर चिन्हे एवढी कशी भरली असती? आपला समज चुकीचा आहे हे त्याला कळून आले आणि त्याने तो सोडून दिला.

राजांची नावे लांबट कड्यात कोरलेली असत. टॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने टॉलेमीचे नाव आधीच ओळखले होते आणि काही चिन्हांचे उच्चारही बरोबर लावले होते. यंगच्या या कामाचे श्रेय शांपोल्याँने मोकळ्या मनाने दिले नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र पुढची वाट त्यानेच काढली. फिली बेटावरील एका स्तंभावर क्लिओपात्रा राणीचे नाव होते. त्याने दोन्ही नावे शेजारी ठेवली. टॉलेमीचा ग्रीक उच्चार प्तोलेमायोस. त्यात प पहिला येतो, तर ग्रीक अक्षरांनी लिहिलेल्या क्लिओपात्रा नावात तो पाचवा. दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच होते. ओ आणि ल यांचेही तसेच. चिन्हे उच्चाराची होती, हे सिद्ध झाले.

तरी एक शंका राहिली. ही तर ग्रीक नावे. इजिप्तच्या जुन्या राजांची नावेही अशीच लिहीत काय? सप्टेंबर १८२२ मध्ये अबू सिंबेल येथील देवळातील लेखांच्या नकला त्याच्या हाती आल्या. एका कड्यात प्रथम सूर्याचे वर्तुळ, मग एक चिन्ह आणि शेवटी दोन स होते. कॉप्टिकमध्ये सूर्याला रे म्हणतात. मधले चिन्ह म्हणजे म असावे. त्याने जुळवून पाहिले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा रामसेस त्याच्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या कड्यात थोथ देवाचा पक्षी होता. ते नाव निघाले थुतमोस. तो धावत भावाच्या कचेरीत गेला, शोध लागल्याचे सांगितले आणि बेशुद्ध पडला, अशी कथा प्रसिद्ध आहे. २७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याचा शोध पॅरिसच्या विद्वत्सभेत वाचला गेला.

मुलांनो, उर्दू जाणणाऱ्याला या लिपीतील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. ती बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत. प्राण्यांची तोंडे ज्या बाजूला, तिकडून वाचायला सुरुवात करायची. उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश बहुधा गाळतो. त्याचप्रमाणे तेही बहुतेक स्वर लिहीत नसत. काही चिन्हे उच्चार दाखवत, काही पूर्ण शब्द दाखवत आणि काही केवळ अर्थ स्पष्ट करत.

१८२६ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या इजिप्त विभागाचे काम त्याच्याकडे आले. दोन वर्षांनी त्याचे बालपणाचे स्वप्न पुरे झाले. ऑगस्ट १८२८ मध्ये तो इजिप्तच्या भूमीवर उतरला. दाढी राखून, अरबी पोशाख घालून तो लोकांशी अरबीत बोले. नाईलच्या काठाने दक्षिणेकडे जात त्याने असंख्य लेख उतरवून घेतले.

देर अल बहरी येथील देवळात त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. चित्रात दाढी असलेला राजा होता, पण त्याच्यासाठी वापरलेले शब्द स्त्रीलिंगी होते. आपण मराठीत राजा आली असे म्हणावे, तसे ते होते. त्याने ही विसंगती टिपून ठेवली. पुढील अभ्यासकांनी त्यातूनच हातशेप्सुत राणीला ओळखले. तिचे नाव भिंतींवरून खरवडून टाकले होते, पण व्याकरणाने तिची साक्ष दिली.

इजिप्तमधील जुन्या वास्तू लोक पाडत होते, त्यांचे दगड कारखान्यांसाठी नेत होते. हे पाहून शांपोल्याँने तेथील राज्यकर्ते मुहम्मद अली यांना अर्ज देऊन या वास्तूंचे रक्षण करण्याची विनंती केली. मात्र त्याने स्वतःही एका राजाच्या थडग्यातील कोरीव भिंतीचा भाग काढून पॅरिसला नेला. पुढे १८३५ मध्ये मुहम्मद अली यांनी प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी केली.

या श्रमांनी त्याचे शरीर खचले. १८३१ मध्ये त्याच्यासाठी प्राध्यापकाची खास जागा निर्माण झाली, पण तेथे त्याला थोडीच व्याख्याने देता आली. ४ मार्च १८३२ रोजी वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचे व्याकरण आणि शब्दकोश हस्तलिखितच राहिले होते. ज्या भावाने त्याला शिकवले, त्याच भावाने ते दोन्ही ग्रंथ छापून घेतले.

त्यानंतर इजिप्तचे दगड बोलू लागले. रा हा सूर्यदेव आणि ओसायरिस हा मृतांचा राजा, असे ते लोक मानत. मेल्यानंतर माणसाचे हृदय एका पिसाबरोबर तोलले जाते आणि त्याच्या कर्मांचा न्याय होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात अखेनातेन राजाने इतर देवांना बाजूला सारून एकाच सूर्यबिंबाची उपासना सुरू केली. पुढच्या राजांनी त्याची देवळे पाडली, नाव पुसले. तरी उरलेल्या लेखांतून त्याची हकीकत कळली. ही माणसे काय मानत होती, हे आता दुसऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवरून नव्हे, तर त्यांच्याच शब्दांतून समजू लागले.

रोझेटा शिळा अनेक विद्वानांनी पाहिली होती. शांपोल्याँपाशी मात्र लहानपणापासून मेहनतीने शिकलेल्या भाषा होत्या. आपल्या घरी न बोलली जाणारी भाषा तो परकी मानत नसे. तिचे शब्द, तिचे उच्चार, तिची लिंगे तो मनापासून शिकला. म्हणूनच चौदाशे वर्षे बंद असलेले दार त्याच्या हातून उघडले.