शेत रिकामं असलं तरी

आजचा शास्त्रभाग : हबक्कूक ३:१७-१९



गेल्या आठवड्यात माझ्या मुलाला कंपनीने कामावरून कमी केलं. तीन वर्षं कंत्राटावर होता, आता कायम होईल अशी आशा होती. त्या रात्री घरात कुटुंबप्रार्थना झाली नाही. चार दिवस मी बायबलही उघडलं नाही. आज उघडलं, तर वाचनाच्या क्रमात नेमका हबक्कूक आला.

आम्ही टाकवे बुद्रुकची माणसं. भाताचं पीक हातचं गेलं की खाचर कसं दिसतं, ते आम्हाला ठाऊक आहे. संदेष्टा म्हणतो की शेत, मळा, गोठा सगळं रिकामं झालं तरी तो देवाठायी आनंद करील. खरं सांगते, मला तसं म्हणता येईना. तेव्हा आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. विशी गाठायच्या आत दुष्काळाने त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण नेली. उपास, तीर्थयात्रा, दानधर्म सगळं करून झालं होतं. पुढे भावाबरोबर पायी देश फिरत त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथे विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, मनोरमा झाली, आणि ती वर्षाचीही नव्हती तोच १८८२ मध्ये पती पटकीने वारले.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला वाटतं, आता सगळं सुरळीत झालं असेल. तसं झालं नाही. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी सदन बंद केलं नाही. जेवढ्या मुली उरल्या, तेवढ्यांना शिकवत राहिल्या. पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन शेकडो बायका-मुलींना त्यांनी केडगावला आणलं. भूक काय असते, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

शेवटचा घाव सगळ्यात मोठा. जिच्या हाती काम सोपवायचं, ती मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, तब्येत खालावलेली, कानांनी ऐकू येत नव्हतं. हाती बायबलचं मराठी भाषांतर होतं, खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं असं. लेकीला मूठमाती देऊन त्या पुन्हा त्याच कामाला बसल्या. ते पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या.

प्रियांनो, विश्वास म्हणजे दुःख न होणं, असं मी समजत होते. रमाबाईंना दुःख झालं नसेल का? पण त्यांनी देवाचा हात सोडला नाही, आणि हातातलं कामही सोडलं नाही.

आज रात्री मी मुलाला हाक मारणार आहे. प्रार्थना लांब होणार नाही, पण होणार.

प्रार्थना : हे प्रभू, आमचं शेत रिकामं आहे, ते तू पाहतोस. आजचं काम करायला आम्हाला बळ दे. आमेन.