वानखेडे : मैदान आणि माणूस

मी बोरगाव मेघेचा. लहानपणापासून पाहिले ते सरपंच. महापौर ही काय असामी असते, हे पुस्तकातूनच कळले. मुंबईत क्रिकेटचा सामना असला की वर्ध्याच्या चहाच्या टपरीवर ‘वानखेडे’ हे नाव दहादा कानी पडते. पण हे वानखेडे म्हणजे शेजारच्या नागपूरचे पहिले महापौर, हे आमच्या घोळक्यात कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. शिक्षणाने ते बॅरिस्टर. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५१ साली तेथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि पहिल्या महापौरपदाचा मान बॅरिस्टर साहेबांकडे आला. १९५६ साली नागपूरचे राजधानीपण गेले, विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला आणि १९६० साली महाराष्ट्र अस्तित्वात आला. नागपूरचा हा माणूसही मुंबईच्या राजकारणात स्थिरावला. पुढे त्यांनी राज्याचे अर्थखाते सांभाळले आणि १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते.

राजकारणाबरोबरच मुंबई क्रिकेट असोसिएशनची धुराही त्यांच्याकडे होती. त्या काळी मुंबईतले कसोटी सामने क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून असोसिएशनचे व क्लबचे बिनसले. दुसरा एखादा रुसून बसला असता. शेषरावांनी स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले. चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, वास्तुशिल्पकार शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार अवघ्या १३ महिन्यांच्या सुमारास ते उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. पुढे १९८० ते १९८२ शेषराव भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचेही अध्यक्ष होते. ३० जानेवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

या धडाडीचे मला कौतुक वाटते. तरी एक शंका मनात राहतेच. असोसिएशनचे आणि विधानसभेचे अध्यक्षपद हाती असलेल्या हयात व्यक्तीचे नाव सार्वजनिक वास्तूला द्यावे काय? वर्गातल्या चर्चेत यावर दोन तट पडले. एका मित्राचे म्हणणे, ज्याने बांधले त्याचेच नाव शोभते. मला मात्र वाटते, या नावाने त्यांचे नुकसानच अधिक झाले. दगड-सिमेंटचे वानखेडे जगाला माहीत झाले आणि हाडामांसाचे शेषराव आपल्याच विदर्भात विस्मरणात गेले. पहिल्या महापौराची आठवण ठेवायला नागपूर-वर्ध्याच्या आपल्या पिढीला क्रिकेटची तरी गरज का पडावी?

मित्रहो, यापुढे टपरीवर ते नाव कानी पडले, तर शेजारच्याला एवढे अवश्य सांगा की ते नाव एका नागपूरकराचे आहे.