निद्रेचे कारण शोधणारा गोमंतकीय : आबे फारिया

पणजीत मांडवीच्या काठाने जाताना आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी एक पुतळा दृष्टीस पडतो. पायघोळ झगा घातलेला धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री निश्चेष्ट होऊन कलंडली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कलाकृती १९४५ साली उभारली गेली. पाहणाऱ्यास वाटते की, सारे सामर्थ्य त्या पसरलेल्या हातांत आहे. आबे फारियांनी मात्र जगाला नेमके याच्या उलट सांगितले होते.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. आईवडील विभक्त झाले. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेली. १७७१ साली वडील मुलाला घेऊन लिस्बनला पोहोचले. रोममध्ये शिक्षण पूर्ण करून १७८० साली जुझेही धर्मगुरू झाले. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनास उभे राहताच त्यांची वाचा बसली आणि समोरची माणसे म्हणजे केवळ भाजी आहे, असे वडिलांनी हळूच कोकणीत सुचवताच ती मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. एका सूचनेने मनुष्याची अवस्था कशी पालटते, याचे बीज जणू तिच्यात आहे.

१७८७ सालच्या पिंटोंच्या कटानंतर पितापुत्रांवर संशयाची छाया पडली आणि जुझे यांनी पॅरिस गाठले. तेथे मेस्मर यांच्या प्राणिज चुंबकत्वाचा बोलबाला होऊन गेला होता. चिकित्सकाच्या देहातून एक अदृश्य द्रव रुग्णाच्या देहात वाहतो, अशी ती कल्पना. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने १७८४ साली असा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला आणि दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीवर सोपवून विषय मिटवला.

फारियांना विषय तेथे मिटला असे वाटले नाही. द्रव नसेल, तर परिणाम होतो कसा? १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग आरंभले. व्यक्तीला आसनावर बसवावे, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगावे आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा द्यावी, एवढीच त्यांची रीत. लोहचुंबक नाही, मंत्र नाही. काही माणसे झोपत, काही झोपत नसत. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, निद्रेचे कारण झोपवणाऱ्यात नसून झोपणाऱ्याच्याच देहात आणि मनात आहे. रक्ताच्या पातळपणाशी त्यांनी जोडलेला संबंध पुढे टिकला नाही. मूळ सिद्धांत टिकला.

या सिद्धांताची किंमत मोठी होती. आपल्या हाती काहीच दिव्य नाही, असे सांगणारा चिकित्सक चुंबकत्ववाद्यांना नको होता. धर्माभिमान्यांना त्यात सैतानाचा हात दिसत होता. १८१६ साली रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली आणि शिष्य पांगले. २० सप्टेंबर १८१९ रोजी, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्याची खूणही उरली नाही. पुढे अलेक्झांडर द्युमा यांच्या कादंबरीतील कैदी म्हणून हे नाव जगभर गेले; पण शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे ऋण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नान्सीच्या संमोहनतज्ज्ञांनी मान्य केले.

पुढे मेंदूतील रसायनांचा अभ्यास सुरू झाला. दाढ काढलेल्या रुग्णांवरील १९७८ सालच्या एका प्रयोगात दिसले की, औषध म्हणून दिलेल्या निव्वळ निरुपद्रवी द्रवानेही काहींच्या वेदना शमतात आणि मेंदूतील एंडॉर्फिनचे कार्य रोखणारे द्रव्य दिले की त्या पुन्हा वाढतात. हे संमोहन नव्हे आणि फारियांना ही रसायने ठाऊक असणेही शक्य नव्हते. परंतु उत्तर रुग्णाच्याच आत शोधायचे, ही दिशा त्यांचीच होती.

म्हणून त्या पुतळ्यापाशी पुन्हा थांबाल, तेव्हा हातांकडे नव्हे, तर त्या निद्रिस्त स्त्रीकडे पाहा. फारियांच्या मते सामर्थ्य तिचे होते.